बादलीतून ओतायची सपाटी

जुन्या कोब्यावर लॅमिनेटच्या लाकडी पट्ट्या बसवायच्या ठरल्या, की कसबी मिस्त्री आधी 6 फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी धरतो. पट्टीखालून उजेड आला की तिथे खड्डा, पट्टी डुगडुगली की उंचवटा. 10 फुटांत 3 ते 5 मिलिमीटरचा फरक साधारणपणे चालवून घेतात. त्याहून जास्त असला, तर लॅमिनेट पावलाखाली दबतं, पट्ट्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचा झिजतात आणि सांधे उघडतात. खोली एका बाजूला किंचित उतरती असली, तर लॅमिनेटचं काही बिघडत नाही. उतार पाहायला पाण्याची नळी, उंचसखलपणा पाहायला पट्टी. पण घरमालक भांडतो तो बहुधा उताराच्या नावानं.

उंचवटे ग्राइंडरनं घासून काढतात आणि खड्ड्यांत सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ओततात. ते आपणहून पसरतं. सिमेंट-वाळूच्या साध्या मालाचा ढीग मात्र घमेल्यात तसाच उभा राहतो. त्याचं कारण असं, की पाण्यात सिमेंटचे बारीक कण एकमेकांना ओढतात आणि त्यांची जाळी तयार होते. ती मोडेल एवढा जोर लावल्याशिवाय माल हलत नाही. या किमान जोराला ‘यील्ड स्ट्रेस’ म्हणतात. पाण्याला तो नसतोच. कंपाउंडमध्ये पॉलिकार्बॉक्सिलेटसारखं रसायन असतं. त्याचे लांब रेणू कणांवर बसतात आणि दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. जाळी धरली नाही, की माल स्वतःच्या वजनानंच वाहतो.

मग साध्या मालात पाणीच वाढवलं तर? जड वाळू तळाला बसते, पाणी वर येतं आणि वाळल्यावर नखानं खरवडता येईल असा पांढरट, भुसभुशीत थर उरतो. कंपाउंडमध्येही पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालावं.

कंपाउंड ओतण्याआधी कोब्यावर लावायचा प्रायमर वाचवण्याचा मोह फार जणांना होतो. पण तो नसला, तर कोरडा कोबा कंपाउंडमधलं पाणी पितो, त्याच्या छिद्रांतली हवा वर येते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं पडतात.

तळमजल्यावर ओलही पाहायला हवी. दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवून किमान 16 तास ठेवतात; खाली दव जमलं किंवा काँक्रीट काळपटलं, तर ओल आहे. मुंबई-कोकणात ही चाचणी मे महिन्यात करून भागत नाही, जुलैत जमिनीचा नूर पालटलेला असतो. साधं कंपाउंड ओल अडवत नाही आणि दाबलेल्या लाकडी तंतूंचा लॅमिनेटचा गाभा ओलीनं कडांना फुगतो. अशा जमिनीवर आधी इपॉक्सीचा ओलरोधक थर द्यावा लागतो.