संपादक बदलतो, दप्तर कुणाकडे जाते?

इतिहासाला वाहिलेल्या मासिक-त्रैमासिकांचे मरण बहुधा पैशाअभावी झाले असे आपण धरून चालतो. वर्गणीदार कमी होते हे खरेच; पण पुष्कळदा त्याआधी संपादक थकलेला किंवा गेलेला असतो, आणि त्याच्या जागी बसायला कुणी तयार नसते.

1878 साली पुण्यात निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’ या बाबतीत पाहण्यासारखा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. चिपळूणकर 1882 साली गेले. एकाच व्यक्तीच्या नावावर चालणारे मासिक तिथेच बंद पडले असते. हे 1888 पर्यंत निघत राहिले. कामाची वाटणी आधीच झालेली होती हे त्याचे कारण. साने बखरी आणि पत्रे पाहत, मोडक जुने काव्य. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर अशी साधने सामान्य वाचकाला छापील रूपात मिळाली ती या सवयीच्या कामातून. चिपळूणकरांची शैली कुणाला चालवता आली नसती, आणि या मासिकाला तिची गरजही नव्हती.

याच्या उलट उदाहरण दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे. त्यांचा ‘इतिहाससंग्रह’ 1908 साली सुरू झाला आणि काही वर्षांत थांबला. कागद, चित्रे, नकाशे मिळवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती, पण ती त्यांच्या स्वतःच्या ओळखींवर उभी होती. संस्थानिकाच्या दिवाणखान्यात ज्याला पान-सुपारी मिळते, त्याच्या वारसालाही ती मिळेल असे नाही. सुदैवाने त्यांचा संग्रह साताऱ्याच्या संग्रहालयात आणि 1939 मध्ये तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद वाचले, मासिक वाचले नाही.

राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. राजवाड्यांसारख्या एकांड्या माणसाने मंडळ काढावे यात गंमत आहे. पण कागद व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहिले, आणि मंडळाचे त्रैमासिक संपादक बदलूनही चालू शकले ते म्हणूनच.

नवा संपादक नेमताना सहसा विद्वत्ता पाहतात, लेखनाची यादी पाहतात. खरी परीक्षा फार किरकोळ ठिकाणी होते. मोडी पत्रावर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. यात 599 मिळवले की इसवी सन 1760 येतो. पण हे वर्ष मृगाला सुरू होते. जानेवारीतल्या पत्राला 600 मिळवावे लागतात. जो संपादक सरसकट 599 मिळवेल तो पानिपतची लढाई जानेवारी 1760 मध्ये नेऊन ठेवील. ज्या पत्रावर नुसता चंद्र आणि महिना आहे, सन नाहीच, तिथे मजकुरावरून वर्ष ठरवावे लागते. ते कशावरून ठरवले हे जुन्या संपादकाने लिहून ठेवले नसेल, तर नव्याला ते मान्य करता येत नाही आणि खोडताही येत नाही. मूळ कागद एव्हाना वाड्याच्या मालकाकडे परत गेलेला असतो. अंकात उरते ती नक्कल.

नगर जिल्ह्यापुरते (आता अहिल्यानगर) असे एखादे नियतकालिक मनात आणून पाहावे. निजामशाहीसाठी फारसी हवी, मराठेशाहीसाठी मोडी, कलेक्टर कचेरीच्या आणि अमेरिकन मिशनच्या कागदांसाठी इंग्रजी. ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरलाच सुरू झाला, तेव्हा त्याच्या जुन्या फायली चाळण्याची चिकाटीही हवी. हे सारे एका माणसात सापडणार नाही. तिघा-चौघांचे संपादक मंडळ नेमणे इथे सौजन्याची बाब नाही, गरज आहे.

आणि मग पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. तिथे बखर नाही, सरदाराचे दप्तर नाही. अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन 1975 साली गावी आले, यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीपासून काम सुरू झाले, आणि पुढे पाणलोटाची कामे होऊन अवर्षणग्रस्त गावाचे चित्र पालटले, हे सर्वांना ठाऊक आहे. यातले कागद कोणते? अशा गावात पाहायचे ते ग्रामसभेचे ठराव, श्रमदानाच्या नोंदी, फेरफार आणि सातबारा, पीक पाहणी. बॉलपेनने लिहिलेल्या या वह्यांना ‘ऐतिहासिक साधन’ म्हणायला जुन्या वळणाचा संपादक कचरेल. मोडी पत्राला अडीचशे वर्षे टिकणारा कागद लाभला. या वह्या वाळवीला तेवढा दम धरायला लावणार नाहीत. 1972 चा दुष्काळ जाणत्या वयात पाहिलेली माणसेही आता सत्तरीपलीकडे आहेत.

पेशवे दप्तर कित्येक वर्षे मराठी संशोधकांना बंद होते. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातून 45 खंड काढले, ते सरकारने दार उघडल्यावर. सरकारी कागद पाहायला मिळावा ही मागणी पुढे ज्या चळवळीने रेटली, तिचे एक ठाणे राळेगणसिद्धी होते. 2002 चा महाराष्ट्राचा आणि 2005 चा देशाचा माहिती अधिकार कायदा इतिहासाच्या संपादकांनी आजवर फारसा वापरलेला दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

म्हणून संपादक मंडळात एक जण गावोगावच्या चावड्या हिंडणारा असावा असे मी सुचवीन, मग त्याला मोडी न आली तरी चालेल. जुन्या-नव्यांनी निदान चार अंक एकत्र काढावेत. हस्तांतराच्या वेळी शिल्लक रकमेबरोबर एक वहीही द्यावी: कागद कुणाकडून आला, परत कधी केला, तारीख कशावरून ठरवली, आणि कोणत्या घरी पुन्हा जायचे राहिले आहे.