गाडी उंच केली. वळणावर सांभाळायची कोणी?

चिखलात आणि दगडधोंड्यांत जाणाऱ्या जीपगाड्या उंच करून घेण्याची हौस आता शहरांतही पसरली आहे. जुनी महिंद्रा जीप असो, थार असो, गुरखा असो किंवा 2023 मध्ये आलेली जिम्नी असो, गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येते आणि सांगते, "चार इंच वर घ्या, मोठे टायर टाका." कारागीर बांधवांना काम मिळते आणि रोख पैसेही मिळतात. पण या कामाचा निम्मा भाग बहुतेक ठिकाणी होतच नाही. तो कोणता, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

अशा एका गाडीचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. आमच्या एका स्नेह्यांनी जुनी, पुढेमागे कमानपाटे असलेली जीप उंच करून घेतली होती. गाडी दिसायला झोकदार होती. परंतु कसारा घाटातून येताना शेजारून ट्रक गेला की ती एका बाजूला सरके आणि खड्डा आला की स्टिअरिंग आपोआप फिरे. स्नेही दोन्ही हातांनी चाक धरून घामाघूम झाले होते. मागे त्यांची मुले बसली होती. काम करणाऱ्या गॅरेजने उंचीचे पैसे घेतले होते. एकही माप मात्र घेतले नव्हते.

असे का होते?

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. दोन चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की गाडी किती स्थिर आहे याचा अंदाज येतो. समजा, रुंदी 1400 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 700 मिलिमीटरवर आहे. उत्तर 1 येते. गुरुत्वमध्य 80 मिलिमीटर वर गेला तर तेच उत्तर 0.90 च्या आसपास उतरते. म्हणजे आधी ज्या वेगाने वळण निभत होते, त्या वेगाने आता निभेल याची खात्री उरत नाही. कितीही भारी शॉकॲब्सॉर्बर लावला तरी हा हिशेब बदलत नाही. गिऱ्हाईकाला हे काम घेण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

दुसरे कारण कॅस्टरचे. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे झुकलेला असतो, म्हणून ती सरळ चालते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच झुकाव असतो. जुन्या विलिस जातीच्या जीपला तो सुमारे 3 अंश होता. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल आणि ते लांब केले, तर ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मग गाडी रस्ता सोडून भटकू लागते. आमच्या स्नेह्यांच्या जीपमध्ये तो जवळजवळ शून्यावर आला होता.

तिसरे कारण ड्रॅगलिंकचे. गाडी वर गेली, स्टिअरिंग बॉक्स वर गेला, चाके मात्र खालीच राहिली. त्यामुळे ही दांडी तिरकी होते. खड्ड्यात ॲक्सल वरखाली झाला की तिरकी दांडी चाकाला बाजूला ओढते. स्टिअरिंग आपोआप फिरते ते यामुळे.

इलाज कोणत्या क्रमाने करावा?

आधी झीज पाहावी. बॉलजॉइंट, टायरॉड, किंगपिन, बेअरिंग, पाट्याचे बुश आणि यूबोल्ट यांत खेळ असेल तर पुढचे सारे श्रम वाया जातात. स्टिअरिंग थडथडू लागले की अनेकजण स्टिअरिंग डॅम्पर लावून मोकळे होतात. त्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

नंतर कॅस्टर मोजावा. तो कमी असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य अंशाची पोलादी पाचर बसवावी. त्याने पिनियनचे तोंड खाली जाते, म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोनही तपासावा. उंचीसाठी पुढच्या ॲक्सलवर गुटके मात्र लावू नयेत. ब्रेक मारताना ॲक्सल पिळतो आणि गुटका निसटण्याचा धोका असतो. योग्य कमानीचे नवे पाटे हाच त्यावर सरळ मार्ग आहे.

ड्रॅगलिंक शक्य तितकी आडवी आणण्यासाठी खाली वळलेला पिटमन आर्म मिळतो. मूळ आर्म भट्टीत तापवून वाकवण्याची जुगाड काही ठिकाणी चालते. ती कटाक्षाने टाळावी. तापलेल्या पोलादाचा कस जातो आणि तो आर्म तुटला तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

जिम्नी किंवा गुरखा यांसारख्या, कॉइल स्प्रिंगवर सलग ॲक्सल असलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. त्यांत ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असतो. गाडी उंच होताच तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो. पुढचा पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅगलिंक एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. एकाचाच कोन बदलला तर दुखणे वाढते.

2010 ते 2020 या काळातील थारच्या काही प्रकारांना पुढे टॉर्शन बार होते. ते पिळून पुढचा भाग वर येतो, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि गाडी दणके देते. अशा गाडीत थोडक्यावर थांबणे शहाणपणाचे.

शेवटी शॉकॲब्सॉर्बर. चाक पूर्ण खाली लोंबकळू द्यावे, मग पूर्ण वर दाबावे. दोन्ही वेळा शॉक ताणला किंवा ठोकला जाऊ नये आणि ब्रेकचा होस ताठ होऊ नये. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेली, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारी झडप असते. गाडी उंच झाली की मागे भार नाही असे समजून ती मागचा ब्रेक कमी करते. तिची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी. हेडलाइटची दिशाही खाली आणावी.

धंद्याच्या दृष्टीने

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. अपघात झाला तर विम्याचा वादही उभा राहतो. म्हणून गिऱ्हाईकाला नियम आधी समजावून द्यावा आणि नियमात न बसणारे काम नाकारण्याची हिंमत ठेवावी. घेतलेल्या कामाच्या बिलावर आधीची आणि नंतरची उंची, कॅस्टर आणि बदललेले भाग लिहून द्यावेत.

आमच्या स्नेह्यांची जीप दुसऱ्या एका उस्तादांनी पाहिली. त्यांनी पहिल्यांदा काय केले? गाडी दोन इंच खाली आणली. नंतर पाचर, आर्म आणि बुश बदलले. गाडी आता कमी झोकदार दिसते, पण घाटात स्नेही एका हाताने चाक धरून मुलांशी बोलत असतात. त्या उस्तादांकडे त्यांनी नंतर आणखी तीन गिऱ्हाइके पाठवली. पहिल्या गॅरेजचे नाव मात्र ते कोणालाच सांगत नाहीत.