एका मोटरवरची सुतारशाळा

छत्रपति संभाजीनगरापासून जवळच असलेल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यास 'सुतार का झोपडा' हें नांव लोकांनीं फार पूर्वींच दिलें आहे. या चैत्यगृहाचें छत अखंड दगडाचें. पण त्यांत लांकडी कमानींसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत. दगडास त्यांची कांहींएक गरज नाहीं. सातव्या शतकाच्या सुमारास ज्यांनीं हें लेणें खोदलें, त्यांच्या परंपरेंत लांकूडकाम इतकें मुरलेलें होतें कीं, पाषाणांतहि तें उमटलें. पुढें सुतार मंडळी तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा समजून पूजीत असत. कार्ल्याच्या त्याहून प्राचीन चैत्यगृहांत तर खऱ्या सागवानी कमानी छताशीं अद्यापि टिकून आहेत. करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट या हत्यारांची परंपरा अशी जुनी आहे. एकाच विजेच्या मोटरनें या चारांचें काम करणारें यंत्र मात्र घरच्या खोलींत अगदीं अलीकडे आलें.

यंत्राची रचना मुळांत सोपी आहे. बिडाच्या टेबलाच्या मधोमध पातीं बसविलेला एक पोलादी दंडगोल असतो. मोटर त्यास पट्ट्यानें फिरविते. लांकूड टेबलावरून सरकविलें कीं त्याची तळची बाजू रंधून निघते. त्याच दंडगोलाच्या खालीं वरखालीं होणारें दुसरें टेबल असतें. तेथून फळी आंत सोडली म्हणजे ती ठरविलेल्या जाडीची होऊन बाहेर पडते. दंडगोलाच्या आंसाच्या टोकास गिरमिट बसवून खाचा पाडतां येतात, आणि शेजारीं गोल करवत चालते. बाजारांत या सगळ्यास नुसतें 'रंधा मशीन' म्हणण्याचीहि चाल आहे. अमेरिकेंत हीच कल्पना निराळ्या रूपानें घरांत शिरली. हान्स गोल्डश्मिट याचें 'शॉपस्मिथ' हें यंत्र १९४७ सालीं विक्रीस आलें; त्याचा गाभा कातकामाच्या यंत्राचा, आणि त्याच मोटरवर करवत, गिरमिट व घासण्याची तबकडी चालविण्याची सोय.

चार यंत्रांची जागा एकानें भागते, हा हिशेब कागदावर खरा आहे. परंतु यंत्रास लागणारी जागा वेगळी आणि लांकडास लागणारी जागा वेगळी. दोन मीटर लांबीची फळी करवतीवरून जावयाची, तर करवतीच्या पुढें दोन मीटर आणि मागें दोन मीटर मोकळे हवेत. तीन मीटरांच्या खोलींत हें साधावयाचें असेल तर यंत्र दाराच्या रेषेंत ठेवावें, म्हणजे लांब फळीचें टोंक अंगणांत जाऊं शकतें.

खरी अडचण पुढेंच आहे. रंध्याचें काम संपवून जाडी काढावयाची, तर वरचीं टेबलें उचलावीं लागतात, आधाराची पट्टी सोडावी लागते; पुन्हां रंध्यावर यावयाचें तर सारें परत बसवावें लागतें. आणि एकदां मोडलेलें माप पुन्हां तंतोतंत तेंच लागत नाहीं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण सांध्यास कळतो. समजा, घरच्या पूजेसाठीं एक चौरंग करावयाचा आहे. त्यास चार पाय, चार आडव्या पट्ट्या आणि वरची फळी. म्हणजे पायांस पट्ट्या जोडणारे आठ सांधे. नवखा मनुष्य एक पाय घेतो, तो पुरा करतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. हातहत्यारांवर ही रीत चालून जाते. बहुकामी यंत्रावर ती चालत नाहीं. तेथें सर्व तुकड्यांची एक बाजू आधीं रंधावी, मग गुण्यास लावून सर्वांची कड काटकोनांत आणावी, मग सर्वांची जाडी, मग सर्वांची रुंदी, मग लांबी, आणि शेवटीं खाचा व त्यांत बसणारीं टोंकें. प्रत्येक जोडणींतून एक पाय आणि एक पट्टी जादा काढावी. हा पांचवा पाय उधळपट्टी वाटतो. पण आठव्या खाचेपाशीं लांकूड फाटलें, तर त्या एका तुकड्यासाठीं साऱ्या जोडण्या नव्यानें करण्याची पाळी येत नाहीं.

विजेकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. दोन अश्वशक्तीची घरगुती विजेवर चालणारी मोटर पूर्ण भारावर सुमारें १० ते १२ अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होतांना त्याच्या कित्येक पट. तिला स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र सर्किट ब्रेकर आणि पक्कें अर्थिंग हवें. त्याहून महत्त्वाची गोष्ट कळीची. मराठवाड्यांत वीज मधेंच जाणें कोणास नवें नाहीं. काम चालू असतां वीज गेली, मनुष्य पात्यांवर वांकून अडकलेली ढलपी काढूं लागला आणि वीज परत आली, तर साधी कळ यंत्र तत्क्षणीं सुरू करते. म्हणून वीज जातांच स्वतःच सुटणारी आणि पुन्हां दाबल्यावांचून न लागणारी कळच बसवावी. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्यें हीच युक्ति असते. रात्रीं-अपरात्रीं वीज आली तरी पंप आपोआप चालावा म्हणून शेतकरी त्यास निराळी जोडणी करून घेतात. विहिरीवर ती सोयीची असेल. करवतीस ती कदापि करूं नये.

करवतीचा वेग हिशेबानें पाहण्यासारखा आहे. २५ सेंटिमीटर व्यासाचें पातें मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर त्याचा प्रत्येक दांत ताशीं सुमारें १४० किलोमीटर वेगानें धांवतो. पुढच्या बाजूचे दांत लांकूड खालीं दाबतात. मागचे वर येत असतात. चिरलेली फळी मागें आंवळली आणि त्या दांतांवर टेकली, तर ती तितक्याच वेगानें काम करणाऱ्याच्या अंगावर फेंकली जाते. हें टळावें म्हणून पात्याच्या मागें, त्याच्याच रेषेंत, एक पोलादी पट्टी उभी असते. ती आड येते म्हणून काढून ठेवलेली अनेक कारखान्यांत दिसते, आणि यासारखा दुसरा अविचार नाहीं. मनुष्यानें पात्याच्या समोर न राहतां किंचित् बाजूस उभें राहावें. अरुंद तुकडा बोटांनीं न ढकलतां खांचेच्या काठीनें ढकलावा. रंध्यावर ३० सेंटिमीटरांहून आंखूड तुकडा घालूंच नये. तो हातरंध्याचें काम. हातमोजेहि नकोत, कारण दोरा अडकला कीं हात ओढला जातो. बारीक धूळ याहून सावकाश, पण निश्चितपणें अपाय करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. नाकास चांगला मुखवटा आणि दारें-खिडक्या उघड्या, ही किमान व्यवस्था.

लांकडाचा स्वभावहि यंत्रापुढें बदलत नाहीं. येथील उन्हाळ्यांत हवा अतिशय कोरडी आणि पावसाळ्यांत दमट; त्याप्रमाणें लांकूड आकसतें व फुगतें, तेंहि लांबींत नव्हे तर रुंदींत. आडव्या चिरेची ३० सेंटिमीटर रुंद सागवानी फळी या फेऱ्यांत तीन-चार मिलिमीटर सहज बदलते. वैशाखांत चौकटीस गच्च बसविलेली फळी श्रावणांत चौकट फोडते. नव्या लांकडास निदान कांहीं आठवडे त्याच खोलींत राहूं द्यावें आणि चौरंगाची फळी पक्की न खिळतां तिला सरकण्यास वाव ठेवावा.

शहराच्या जुन्या वस्त्यांत घरें पाडतांना निघालेलें सागवान यासाठींच लोक शोधतात. तें पुरेपूर वाळलेलें असतें आणि त्याची वीण सुबक असते. मात्र त्यांत खिळे मोडून राहिलेले असतात, आणि एकच खिळा रंध्याच्या सर्व पात्यांस खांच पाडतो. मग प्रत्येक फळीवर उंच रेघ उमटत राहते. असें लांकूड टेबलावर घेण्यापूर्वीं त्यावरून लोहचुंबक फिरवावा. पितळी स्क्रू चुंबकास सांपडत नाहींत. ते डोळ्यांनींच शोधावे लागतात, आणि त्यासाठीं जुन्या रंगाचा थर आधीं हातानें खरवडून काढावा.