छायाचित्राचा भाव : दिवसावर की वापरावर?
(लेखमाला 'उघड्यावरचा कॅमेरा', लेखांक ४)

छत्रपती संभाजीनगरात उघड्यावरचे व्यावसायिक छायाचित्रण करणाऱ्याकडे नाना तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. वेरूळ रस्त्यावरचे हॉटेल असते, पैठणीचे दालन असते, वाळूज-शेंद्र्याचा कारखाना असतो, सह्याद्रीत प्रस्तरारोहणाच्या मोहिमा नेणारी संस्थाही असते. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : दिवसाचे किती घेता? या व्यवसायातल्या बहुतेक अडचणींचे मूळ मला या प्रश्नात दिसते. दिवसाच्या भावातून फार तर त्या दिवसाची मेहनत आणि खर्च भरून निघतो. छायाचित्राची खरी किंमत ते कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरले जाणार यावर ठरते. हे दोन हिशेब वेगळे मांडल्याशिवाय हे काम पोट भरण्याजोगे होणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी दिवसाच्या भावात काय काय येते ते पाहू. वेरूळच्या कैलास लेण्यात पैठणीच्या जाहिरातीचे चित्रण करायचे आहे असे धरा. व्यावसायिक कामासाठी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आगाऊ काढावी लागते. मंगळवारी लेणी बंद. कैलास पश्चिमाभिमुख आहे आणि डोंगर वरून खाली कोरत गेल्यामुळे त्याच्या तिन्ही बाजूंना कडे उभे आहेत. मागचा कडा शंभर फुटांच्या वर जातो. त्यामुळे सकाळचे ऊन अंगणात पोचायलाच उशीर होतो. दुपार कलली की ते समोरून शिरते, पण पर्यटनाच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि दक्षिणेच्या कड्याची सावली अंगणभर पसरते. कामाचा उजेड मिळतो तो थोडाच वेळ. त्यात बेसाल्टचा दगड काळा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो. काळा दगड दिसला की तो उजेड वाढवतो, आणि पदराच्या जरीवरचे नक्षीकाम पांढरे होऊन जाते. जरीवर मोजमाप घ्यायचे, दगड थोडा अंधारा राहू द्यायचा आणि त्याचा तपशील नंतर वर काढायचा, हे आधीच ठरवून जावे लागते. गिऱ्हाइकाला दिसतो तो बटण दाबण्याचा क्षण. ही सगळी पूर्वतयारी त्याच्या नजरेआड झालेली असते.

प्रस्तरारोहणाच्या कामात तर छायाचित्रकाराला चढणाऱ्याच्या आधी वर पोचावे लागते. खालून काढलेल्या चित्रात पाठ आणि बुटाचे तळवे तेवढे येतात. चेहरा, पकड शोधणारी बोटे आणि खालची खोली वरूनच मिळते. म्हणून त्याच्यासाठी वेगळा दोर, वेगळा अँकर आणि त्यावर नजर ठेवणारा वेगळा माणूस लागतो. ज्युमारने वर सरकायचे, दोरावर लोंबकळत तासभर थांबायचे आणि प्रत्येक लेन्स दोरीने अंगाशी बांधून ठेवायची. खालच्या माणसाच्या डोक्यावर पडलेली लेन्स दगडाइतकीच घातक असते. विमा आणि वनखात्याच्या परवानग्या यांचा खर्च याखेरीज. हे सगळे दिवसाच्या भावात मोजता येते आणि मोजलेच पाहिजे. पण इतके मोजूनही त्या चित्राची किंमत झालेली नसते. तेच चित्र मोहिमेच्या माहितीपत्रकात एका हंगामापुरते छापले काय आणि दोर बनवणाऱ्या कंपनीने देशभरच्या फलकांवर तीन वर्षे लावले काय, ते काढण्याची मेहनत सारखीच. पैसे देणाऱ्याचा लाभ मात्र सारखा नाही.

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेली तैलचित्रे कंपनी सरकारची झाली, लंडनला गेली आणि १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. याच गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला होता. त्याची ७४ छायाचित्रे घेऊन जेम्स फर्ग्युसनचे लेण्यांवरचे पुस्तक १८६४ साली निघाले. त्याच्या प्रती अनेक होत्या, म्हणून ती छायाचित्रे टिकली. चित्र ही एकच वस्तू असते. छायाचित्राचे बळ पुन्हा पुन्हा उमटण्यात असते. त्याची किंमतही तिथेच शोधायला हवी.

राजा दीनदयाळ यांनी हे फार लवकर ओळखले होते. निजामाच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून १८८५ पासून त्यांनी काम केले आणि त्या काळी निजामी राज्यात असलेल्या वेरूळ-दौलताबादची दृश्येही टिपली. काचेच्या निगेटिव्हला क्रमांक आणि नाव देऊन ती स्वतःकडे ठेवायची आणि विकायच्या त्या छापील प्रती, अशी त्यांची रीत होती. मूळ काच घरात राहिल्याने एकदा केलेल्या कामातून पुन्हा पुन्हा मिळकत झाली. त्यातल्या २,८५७ निगेटिव्ह पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. आजचा छायाचित्रकार मूळ फाइलींची हार्ड डिस्कच गिऱ्हाइकाच्या हवाली करतो तेव्हा ती काच तो आपल्या हाताने देऊन टाकत असतो.

कायदाही इथे आपोआप मदतीला येत नाही, हे समजून घेतले पाहिजे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक सांगणारा ठरतो, उलट करार नसेल तर. या 'नसेल तर'मध्ये सगळा व्यवसाय अडकलेला आहे. तोंडी व्यवहार झाला की मालकी गेली. करार करून हक्क आपल्याकडे ठेवला आणि परवाना देताना मुदत लिहायची राहिली, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आपल्याकडे राखलेला हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. तेव्हा कोटेशनवरच्या एका वाक्याचे वजन किती, ते यावरून कळावे.

यावर पहिला आक्षेप असा की पैसे मी दिले, तेव्हा वस्तू माझी. ज्याला सगळे हक्क हवे आहेत त्याने ते जरूर घ्यावेत, मात्र सगळ्या हक्कांचा भाव देऊन. छोट्या हॉटेलला एका हंगामाचे माहितीपत्रक काढायचे असते. त्याने कायमच्या मालकीचा भार का उचलावा? मर्यादित परवाना त्यालाच स्वस्त पडतो. लग्नाच्या छायाचित्रांची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न कुटुंबाच्या खासगीपणाचा आहे आणि हक्क त्या घराकडेच असणे मला योग्य वाटते. अडचण अशी की आपल्या शहरात बहुतेक जण लग्नाच्या कामातूनच या क्षेत्रात येतात आणि तिथली रीत जाहिरातीच्या कामाला लावतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे : कागद पुढे केला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल. काही जातीलच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वाळूजच्या कारखान्यात डाय आणि जिगच्या ड्रॉइंगची मालकी कोणाची, हे खरेदीच्या ऑर्डरवर लिहिले जाते. त्या लोकांना अशी अट नवी नाही. छायाचित्रकार ती मांडत नाहीत, म्हणून ती त्यांच्यासमोर येत नाही. सुरुवात तिथून करावी.

तिसरा आक्षेप यंत्राचा : कृत्रिम बुद्धिमत्ता कड्यावरचा गिर्यारोहक फुकटात बनवून देते. कुठलाही कडा, कोणताही माणूस चालणार असेल तर ते काम जाईल, आणि ते अडवणे कुणाच्या हातात नाही. मात्र आपला दोर खरोखर माणसाचे वजन पेलतो, आपल्या गच्चीवरून दौलताबादचा किल्ला खरोखर दिसतो, हे सांगणाऱ्या जाहिरातदाराला घडलेल्या गोष्टीचे चित्र लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कारवाईची तरतूद आहे. अशा चित्राचा पुरावा म्हणजे मूळ रॉ फाइल, आणि ती छायाचित्रकाराकडेच असली पाहिजे. त्यासाठी ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी, तारीख आणि स्थळ लिहून जपून ठेवण्याचा खर्चही परवान्याच्या रकमेत धरावा लागेल.