दारातल्या कुत्र्याला रस्सा नको, गाजर-भोपळा चालेल

रात्रीची जेवणे आटोपली की पातेल्यात उरलेला रस्सा शिळ्या भाकरीत कालवायचा आणि दारातल्या कुत्र्यापुढे ठेवायचा, हे आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी चालते. वस्तीतले कुत्रे एका घराचे नसते. सकाळी या दारी, दुपारी त्या दारी आणि रात्री तिसऱ्याच दारी ते खाते. त्यामुळे "आम्ही थोडंच घालतो" हे प्रत्येकीचे म्हणणे खरे असले, तरी ते सगळे थोडे थोडे एकाच पोटात जाते. आम्हाला काळजी आहे ती त्या रश्श्यातल्या कांदा-लसणाची.

कांदा, लसूण, कांद्याची पात यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवले, भाजले, तळले तरी हा दोष जात नाही. वाटणात तर कांदा दिसतही नाही. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर कुत्रे आजारी पडू शकते. म्हणजे 15 किलोच्या कुत्र्याला अडीच-तीन मध्यम कांदे, आणि पाच किलोच्या पिलाला एकच पुरतो. रोज थोडा थोडा गेला तरी अपाय साठत जातो. लसूण तर कांद्याहून तीव्र. लसणाने जंत पडतात म्हणून मुद्दाम पाकळ्या चारणारे आहेत. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकडून जंताची गोळी आणावी.

त्रास लगेच दिसत नाही, बहुधा काही दिवसांनी दिसतो. तोवर रस्सा कोणाच्या लक्षात राहतो? कुत्रे मलूल होते, धापा टाकते, लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी होते. मग कोणीतरी विष घातले असा संशय शेजाऱ्यावर जातो. बाईच्या अंगात रक्त कमी आहे का, हे आपण डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतो. कुत्र्याचेही तसेच पाहता येते. हिरड्याही फिकट पडतात, पण आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, म्हणून पापणी पाहिलेली बरी. मात्र ओळखीचे, शांत कुत्रे असेल तरच हात लावा.

मग घालायचे काय? भाजी चिरतानाच, फोडणीला टाकण्याआधी, चार फोडी बाजूला काढा. गाजर, काकडी, फरसबी, दुधी, लाल भोपळा, रताळे यांतले काहीही चालते. भोपळा आणि रताळे मीठ-मसाल्याशिवाय मऊ उकडा. कुत्री आवडीने खातात. गाजराचे बारीक तुकडे करा, कारण कुत्रे चावत बसत नाही, गिळते, आणि मोठा तुकडा घशात अडकतो. दुधी-काकडीची फोड आधी स्वतः चाखा. कडू लागली तर टाकून द्या, ती माणसालाही बाधते. कोबी थोडाच, नाहीतर पोट फुगते. हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा नको. मक्याचे दाणे चालतील, पण दाणे काढलेले कणीस आणि आंब्याची कोय आतड्यात अडकून ऑपरेशनची पाळी येते. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक. शिऱ्यातल्या मनुकाही त्यातच आल्या.

हा झाला खाऊ. दिवसभराच्या खाण्यात त्याचा वाटा दहावा हिस्साच असावा. नुसत्या भाज्यांवर कुत्रे जगत नाही; त्याला उकडलेले अंडे, बिनहाडाचे मांस, भात-भाकरी लागते. लग्नकार्यात उरलेली मटणाची हाडे मात्र पत्रावळीसकट पुढे टाकू नका. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या होतात आणि आतड्यात रुततात.

लहान मुलांना हातातून भरवू देऊ नका, खाणे जमिनीवर ठेवून बाजूला व्हायला शिकवा. चावले किंवा नखाने ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

कांदा खाल्लेले कुत्रे मलूल दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. काय खाल्ले, किती आणि केव्हा, एवढे तिथे नेमके सांगा. त्यासाठी आधी शेजारच्या चार घरी विचारून जा.