एका नावाचे अनेक ऑप्टिमस

ऑप्टिमस प्राइम एकूण किती आहेत? ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या कुठल्याही मुरलेल्या चाहत्याला हा प्रश्न विचारून बघा. आकडा सांगण्याआधी तो उलट विचारेल, "कुठला ऑप्टिमस?" १९८४ च्या कार्टूनमधला, मार्व्हलच्या कॉमिकमधला, २००२ च्या ‘आर्माडा’तला, २००७ च्या सिनेमातला की ‘अ‍ॅनिमेटेड’मधला? लाल-निळा रंग, गाडीचं रूप घेणारं शरीर आणि नेतेपदाचं ओझं सगळ्यांकडे आहे. तरीही चाहत्यांच्या हिशेबात ही एक व्यक्ती नाही. हा हिशेब कसा मांडतात, त्याचं वेड मला गेली कित्येक वर्षं आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. जपानच्या ताकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ ही खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने घेतली. मार्व्हलच्या जिम शूटरने त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा उभा केला, डेनी ओ'नीलने ऑप्टिमस प्राइम हे नाव सुचवलं आणि बाकीच्या बहुतेकांची नावं व स्वभाव बॉब बुडियान्स्कीने लिहून काढले. १९८४ मध्ये खेळणी, कॉमिक आणि कार्टून असं सगळंच बाजारात आलं.

घोळाला सुरुवात तिथेच झाली, कारण कॉमिक आणि कार्टून पहिल्या दिवसापासून वेगळ्या वाटांनी गेले. कार्टूनमधला ऑप्टिमस १९८६ च्या सिनेमात शत्रूंचा नेता मेगाट्रॉन याच्याशी लढताना जबर जखमी होतो आणि सहकाऱ्यांच्या देखत प्राण सोडतो. कॉमिकच्या २४ व्या अंकातला ऑप्टिमस मात्र एका कॉम्प्युटर गेममध्ये मरण पत्करतो. हरणाऱ्याला स्फोटाने उडवायचं, अशी पैज असते. जिंकण्यासाठी आपल्या हातून गेममधल्या निरपराध पात्रांचा बळी गेला, म्हणजे आपण अप्रामाणिकपणे जिंकलो, असं तो ठरवतो आणि स्वतःला उडवून घ्यायला सांगतो. मला हा दुसरा मृत्यू जास्त मोठा वाटतो. खेळणं एक, खोक्यावरचा मजकूर एक, पण मरणं दोन. तेव्हा या दोघांना एकच कसं म्हणायचं?

चाहत्यांनी यावर दोन पातळ्यांची मांडणी केली. वरची पातळी कुळाची. ज्या कथांचं मूळ एकाच मांडणीत आहे, त्या एका कुळातल्या. कुळाच्या पोटात वेगवेगळे कथाप्रवाह. मार्व्हलचं कॉमिक, जुनं कार्टून, पुढे २००५ पासून आलेली आयडीडब्ल्यूची कॉमिक्स हे सगळे ‘जी-वन’ कुळातले, पण स्वतंत्र प्रवाह. ‘जनरेशन वन’ हे नावसुद्धा मागाहून पडलेलं आहे. १९९३ मध्ये हॅस्ब्रोने ‘जनरेशन टू’ आणलं, तेव्हा आधीच्याला आपोआप ‘वन’ म्हटलं जाऊ लागलं.

या मांडणीचा पहिला नियम असा, की साचा म्हणजे व्यक्ती नव्हे. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही विमानं एकाच साच्यातली. टोकियोला गेलो असताना नाकानो ब्रॉडवे या जुन्या व्यापारी संकुलात वापरलेल्या खेळण्यांची दुकानं पाहिली. काचेच्या कपाटात ही तीन एफ-१५ विमानं शेजारी शेजारी ठेवलेली होती. पंखांचा कोन, नाकाचा उतार, सगळं सारखं. एक राखाडी, एक निळं, एक काळं-जांभळं. फरक फक्त रंगाचा. पण खोक्याच्या पाठीवर बुडियान्स्कीने प्रत्येकाला वेगळं मन दिलं होतं. स्टारस्क्रीमला मेगाट्रॉनची गादी हवी, स्कायवार्पला खोड्या काढण्यात रस, आणि थंडरक्रॅकरला आपली बाजू बरोबर आहे का याचीच खात्री नाही. खोक्यावरची ती शंका पुढे किती फुलली पाहा. आयडीडब्ल्यूच्या कॉमिकमध्ये हाच थंडरक्रॅकर पृथ्वीवर राहतो, पटकथा लिहितो आणि बस्टर नावाची कुत्री पाळतो.

    

दुसरा नियम असा, की नाव म्हणजेही व्यक्ती नव्हे. इथे माझी सर्वांत लाडकी मालिका येते, १९९६ ची ‘बीस्ट वॉर्स’. व्हँकुव्हरच्या मेनफ्रेम एंटरटेनमेंटने ती संगणकावर घडवली. गोरिला होणारा ऑप्टिमस प्रायमल आणि टी-रेक्स होणारा मेगाट्रॉन हे तिचे दोन नायक-खलनायक. गंमत म्हणजे, सुरुवातीला एका जोडपॅकमध्ये वटवाघूळ ऑप्टिमस आणि मगर मेगाट्रॉन विकले गेले. त्यासोबतचं छोटं कॉमिक वाचून हे दोघे जुनेच नेते नव्या शरीरात आले आहेत, असं वाटायचं. मालिकेने मात्र ठामपणे सांगितलं, की हे वंशज आहेत. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं, तसं या मेगाट्रॉनने इतिहासातल्या जुन्या मेगाट्रॉनचं नाव घेतलं आहे.

आणि मग ते दोन ऑप्टिमस समोरासमोर येतात! दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस नवा मेगाट्रॉन प्रागैतिहासिक पृथ्वीवर कोसळलेल्या जुन्या यानात शिरतो. आत मूळ ऑप्टिमस प्राइम लाखो वर्षांच्या निद्रेत पडलेला आहे. मेगाट्रॉन त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो, म्हणजे पुढचा सगळा इतिहासच पुसला जाईल. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी प्रायमल त्या मरणोन्मुख पूर्वजाचा ‘स्पार्क’, म्हणजे प्राणज्योत, स्वतःच्या छातीत सांभाळतो आणि तिच्या बळाने त्याचं शरीरच बदलून जातं. दोन प्राण एका देहात, तरीही दोन व्यक्ती. पात्रांच्या ओळखीबद्दल इतका स्वच्छ प्रसंग खेळण्यांवर बेतलेल्या दुसऱ्या कुठल्या मालिकेत मी पाहिलेला नाही.

खरा पेच जपान आणि अमेरिका यांच्यात आहे. जपानमध्ये ऑप्टिमसला ‘कॉन्व्हॉय’ म्हणतात आणि प्रायमलही तिथे कॉन्व्हॉयच. २००० च्या ‘कार रोबोट्स’ मालिकेत अग्निशमन गाडी होणारा ‘फायर कॉन्व्हॉय’ आला. अमेरिकेत २००१ मध्ये तीच मालिका ‘रोबोट्स इन डिसगाइज’ म्हणून दाखवली गेली आणि तो ऑप्टिमस प्राइम झाला, अगदी नव्या कुळाचा. ताकाराने मात्र नंतर ‘कार रोबोट्स’ला जी-वनच्या कालक्रमात बसवलं. म्हणजे तीच चित्रं, तेच खेळणं, पण इकडे वेगळं कुळ आणि तिकडे जुन्याच घराण्यातला आणखी एक नेता. माझ्या मते दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. एकीला खरी ठरवून दुसरी खोडली, तर एका देशातल्या मुलांनी पाहिलेली गोष्ट नाकारल्यासारखं होतं.

बॉटकॉन हे चाहत्यांचं संमेलन चालवणाऱ्या फन पब्लिकेशन्सने तर प्रत्येक विश्वाला पत्ताच दिला. जी-वनच्या गटाला ‘प्रायमॅक्स’, ‘आर्माडा’ आणि त्यापुढच्या मालिकांना ‘ऑरेक्स’, सिनेमांना ‘टायरन’, ‘अ‍ॅनिमेटेड’ला ‘माल्गस’. जुन्या कार्टूनचा पत्ता ‘प्रायमॅक्स ९८४.१७ अल्फा’. ९८४ म्हणजे सप्टेंबर १९८४, १७ ही तारीख. ‘माल्गस १२०७.२६ अल्फा’ म्हणजे २६ डिसेंबर २००७, ‘अ‍ॅनिमेटेड’च्या पहिल्या प्रक्षेपणाचा दिवस. विश्वाचा पत्ता त्याच्या जन्मतारखेवरून काढण्याची ही कल्पना मला विलक्षण सुंदर वाटते.

याच मांडणीत एक अपवादही होता. ग्रह गिळणारा युनिक्रॉन, देव प्रायमस आणि त्याने घडवलेले पहिले तेरा ट्रान्सफॉर्मर हे सर्व विश्वांत मिळून एकेकच, असं मानलं जाई. मग ‘आर्माडा’तला युनिक्रॉन आणि १९८६ च्या सिनेमात ऑर्सन वेल्सने आवाज दिलेला युनिक्रॉन एकच धरावे लागत. पण लेखक बदलले, मालिका वाढल्या, आणि एकाच प्राण्याच्या चरित्रात न जुळणाऱ्या गोष्टींचा ढीग झाला. अखेर २०१५ मध्ये विश्वांमधले दुवे तुटल्याची कथा सांगून ही अट काढून टाकली गेली. ते योग्यच झालं. प्रत्येक युनिक्रॉनला आता स्वतःची गोष्ट आहे.

हे सगळं फार पुस्तकी वाटेल, पण लहान मुलं नेमक्या याच वाटेने विचार करतात. २०१८ चा ‘बंबलबी’ पाहून आल्यावर माझ्या भाच्याने विचारलं, "मामा, आधीच्या सिनेमात तो कॅमारो होता ना? मग आता पिवळी बीटल कशी? हा तोच आहे का?" १९८४ च्या खेळण्याचं रूप फोक्सवॅगन बीटलचंच होतं, हे मी त्याला सांगितलं. पण त्याचा प्रश्न रूपाचा नव्हता, व्यक्तीचा होता. हा चित्रपट मायकेल बेच्या मालिकेचा आधीचा भाग धरायचा की नवी सुरुवात, यावर चाहत्यांचेही दोन तट आहेत. शेवटी तो कॅमारो होतो, याकडे एक तट बोट दाखवतो. सायबरट्रॉन या त्यांच्या मूळ ग्रहावरच्या लढाईत सगळी पात्रं जी-वनच्या रूपात दिसतात, याकडे दुसरा. मी दुसऱ्या तटातला.

व्यापारही या नोंदवहीत हात घालतोच. नावाचा ट्रेडमार्क हातचा गेला, की पात्राला दुसरं नाव घ्यावं लागतं. ट्रेलब्रेकरचा ट्रेलकटर झाला तो असाच. जेटफायरचं खेळणं तर ‘मॅक्रॉस’ या जपानी मालिकेतल्या विमानाचं, ताकातोकू कंपनीचं. कायदेशीर अडचणींमुळे कार्टूनमध्ये तो वेगळ्या रूपात आणि ‘स्कायफायर’ या नावाने आला. खेळण्याशी ना रूप जुळतं ना नाव, तरी चाहते त्याला जेटफायरच मानतात. इथे ओळख ठरवते ती त्याची कथेतली जागा.

२०२४ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ने आणखी एक ऑप्टिमस दिला आणि आणखी एक मेगाट्रॉन. खाणीत राबणारे दोन जिवलग मित्र, ओरायन पॅक्स आणि डी-१६, कसे दुरावतात याची ती गोष्ट. डी-१६ हा मूळ मेगाट्रॉन खेळण्याचा जपानमधला अनुक्रमांक होता. १९८५ मध्ये तो तिथल्या खोक्यावर छापलेला असे. आता ते एका तरुण खाणकामगाराचं नाव आहे, आणि चाहत्यांच्या वहीत त्याच्यासाठी नवं पान उघडलं गेलं आहे.