दम थांबला, मग छाती चार दिवस का सोललेली? पेशींच्या बॅटरीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो, आणि सातवीपासून दमा आहे. आजचा विषय माझ्याच छातीतून आलाय.

गेल्या ऑक्टोबरात अमरावतीहून अकोल्याकडे मामाच्या शेतावर गेलो होतो. सोयाबीन काढणं चालू होतं. थ्रेशर सुरू झालं, कुटार उडालं आणि दहा मिनिटांत माझी छाती वाजायला लागली. मामा म्हणाला, "काय झालं बाप्पा?" मी निळा पंप काढला, दोन पफ घेतले. अर्ध्या तासात श्वास मोकळा. पण पुढचे चार दिवस छाती आतून सोलवटल्यासारखी होती. उदबत्तीच्या धुरानंही खोकला यायचा.

प्रश्न साधा आहे. नळी उघडली होती, मग बिघडलेलं काय होतं?

नळीच्या आतलं अस्तर

श्वासनळीच्या आतून पेशींचा एक थर असतो. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या या पेशी धूळ, परागकण, जंतू बाहेरच अडवतात. नळीभोवती स्नायू असतो. दम लागतो तेव्हा हा स्नायू आवळतो. आपण इतकंच शिकलेलो असतो.

पण नळी आवळली की आतल्या अस्तराचं काय होतं? दिवाळीत बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी जनरल बोगी आठवा. माणसं तेवढीच, पण डबाच अचानक अर्धा झाला तर? कुणीतरी दाराबाहेर ढकललं जाणारच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जोडी रोझेनब्लाट यांच्या टीमनं हेच दाखवलं. गर्दी झाली की अस्तर काही जिवंत पेशी बाहेर टाकतं. एरवी ही चांगली सोय आहे, त्यामुळे पेशींची संख्या आटोक्यात राहते. पण २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार दम्याच्या झटक्यात पेशी इतक्या जास्त बाहेर पडतात की अस्तराला भगदाडं पडतात. मग सूज येते, चिकट कफ वाढतो, आणि आधी अडणारी धूळ सरळ आत शिरते. म्हणजे एक झटका पुढच्या झटक्यासाठी दार उघडून जातो.

बाहेर कोण पडतं?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. गर्दीत हजारो पेशी, मग बाहेर टाकायची कोणती हे ठरतं कसं? २०२५ मध्ये याच टीमनं 'नेचर'मध्ये उत्तर दिलं: जिची बॅटरी सगळ्यात कमी, ती.

ही नुसती उपमा नाही बरं. प्रत्येक पेशीच्या आवरणावर खरंच विजेचा दाब असतो. तो टिकवायला पेशी सतत पंप चालवते: सोडियमचे ३ कण बाहेर, पोटॅशियमचे २ आत. त्याला एटीपी नावाचं इंधन लागतं, आणि ते मुख्यतः मायटोकॉन्ड्रिया बनवतात.

गर्दीत पेशी दाबली गेली की सोडियमची दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतं. ज्या पेशीकडे इंधन आहे ती ते उपसून बाहेर काढते आणि टिकते. जिच्याकडे नाही, तिचा दाब कोसळतो. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पाणी बाहेर जातं, पेशी आक्रसते. शेजारणींना तोच इशारा: हिला बाहेर काढा. मेमरी कमी पडली की फोन मागचे अ‍ॅप बंद करतो ना, तसंच. फक्त इथे बंद झालेलं अ‍ॅप परत उघडत नाही.

दिल्लीतलं काम

पेशीची ऊर्जा आणि दमा यांचं नातं आपल्याकडेही आधीपासून तपासलं गेलंय. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत डॉ. अनुराग अग्रवाल यांच्या टीमनं २०१४ मध्ये दाखवलं की उंदरांमध्ये मूळपेशी आपले मायटोकॉन्ड्रिया श्वासनळीच्या दुखावलेल्या पेशींना देऊ शकतात, आणि त्यानं इजा कमी होते. सरळ पॉवर बँकच! अजून हा उपचार नाही, पण दिशा कळते.

मग आपण काय करायचं?

निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. तो स्नायू सैल करतो, जीव वाचवतो, जवळ हवाच. पण २०२४ च्या त्याच अभ्यासात नळी त्यानं उघडूनही पेशींची गळती थांबली नाही. बहुधा माझ्या त्या चार दिवसांचं उत्तर हेच.

म्हणून झटका येऊच न देणं महत्त्वाचं, आणि ते काम सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपाचं. जगभरच्या दमा-तज्ज्ञांच्या 'जीना' गटानं २०१९ पासूनच सांगितलंय की नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नका. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे. हा फरक औषध नसण्याचा आहे, आणि औषध असून न घेण्याचाही.

माझंही तेच. माझा रोजचा पंप मीच तीन महिन्यांपूर्वी बंद केला होता. बरं वाटत होतं, आणि आई म्हणायची, "रोज काहून घेतं तो पंप? सवय लागीन तुले." तिला मी एवढंच सांगितलं: गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे खूपच कमी, आणि तेही थेट नळीत. घेतल्यावर चूळ भरायची. सवय लागत नाही, सोडलं की सूज परत येते. चष्मा काढला की अंधुक दिसतं, म्हणून चष्म्याची सवय लागली म्हणतो का आपण?

आईनं मान हलवली, पटलं की नाही माहीत नाही. पण आता सकाळी चहाबरोबर विचारते, "घेतला का?"

तुमच्याकडे नुसता निळाच पंप असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. स्वतःहून काही बंद करू नका, सुरूही करू नका. शेतात थ्रेशरजवळ, जिनिंगमध्ये काम असेल तर तोंडाला मास्क बांधा. आणि घरात कुणी पंप लपवून घेत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!